पेरल्याबिगर उगवलेली भाजी

आख्ख्या वऱ्हाडात कचऱ्याला 'या, बसा' म्हणणारा माणूस एकच झाला, आणि तो म्हणजे आमचे आतोबा. त्यांच्या दारात पेढे घेऊन गेलेला पाहुणा उभाच राही. टोपलंभर राख घेऊन गेलेल्याला बसायला बाज मिळे. मी अकोल्यातल्या एका कापसाच्या जिनात कारकून. रविवारी गावाबाहेर त्यांच्याकडे गेलो की आधी माझ्या हातांकडे पाहून विचारत, "काहून रे बापू, रिकाम्या हातानं आला?" मग मी निमूटपणे सरकीच्या टरफलांचं पोतं पुढे करायचो.

हा सगळा भोग एका खड्ड्यासाठी. इंग्रजी अमदानीत रेल्वेच्या भरावाला मुरूम हवा होता, आणि आतोबांनी आत्याला न विचारता घराजवळचं वावर खणायला देऊन टाकलं. मुरूम गेला, भाजी पिकवणारी माती गेली, उरला तो खड्डा. इतका खोल की त्यात पडलेली शेळी वर येईपर्यंत म्हातारी होई. त्या वावरात आत्याच्या हातची अंबाडी होती. तिनं गाठोडं बांधलं आणि तेल्हाऱ्याला आमच्या घरी, म्हणजे भावाकडे, निघून आली. निघताना म्हणाली, "त्या खड्ड्यात पेरल्याबिगर भाजी उगवन, तवाच येईन!"

रागातलं बोलणं कोणी खरं धरतं का? आतोबांनी धरलं. जिनाच्या बॉयलरची राख, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या, शेंगांची फोलं, तेलघाणीचा गाळ, सारं काही छकड्यातून आणून खड्ड्यात ओतायचे, शेणकाला शिंपडायचे आणि दर सकाळी चिमूटभर माती जिभेवर ठेवून तोंड वाकडं करायचे. स्मशानातसुद्धा त्यांची नजर मेलेल्यावर कमी आणि राखेवर जास्त, असं गाव म्हणे. माझ्या लग्नाला अमरावतीला आले, ते राजापेठेतल्या मांडवातून उष्ट्या पत्रावळींची चार पोती घेऊनच परतले. बडनेऱ्यापासून अकोल्यापर्यंत त्या डब्यात ते एकटेच होते. तसे ते एरवीही एकटेच असत.

एकदा खड्ड्यात कपाशी उगवली. मी नाचायला लागलो. आतोबांनी एकेक रोप उपटून टाकलं. "ते टरफलातल्या सरकीचं हाय. सरकी गोणपाटावरबी उगवते. त्यात जमिनीचं काय?"

इकडे तेल्हाऱ्यात आत्या 'ते कसे हायेत' असं चुकूनही विचारत नसे. "खड्डा काय म्हन्ते?" एवढंच. एका जेठात तिनं माझ्या हातात पुरचुंडी ठेवली. तरोट्याचं, म्हणजे टाकळ्याच्या रानभाजीचं, बी होतं. "जाता जाता सांडून दे. सांगू नको त्याहिले." खड्ड्यातून चालता चालता मी सांडलं.

पंधरा दिवसांनी तरोटा उगवला, हिरवागार, लुसलुशीत. आतोबा बराच वेळ काठावर उकिडवे बसून पाहत राहिले. मग हसले. "बापू, हा तं सरळ रेघेत उगवून राहिला. थेट तुया वाटेनं." "तिनंच देल्लं ना?" मी मान हलवली. त्यांनी एका पानावरून बोट फिरवलं. "तिले सांग, अजून नाई. तिचा शब्द हाय, मी कसा मोडू?"

निरोप ऐकून आत्या माझ्याकडे पाठ करून चुलीशी बसली. "येडा मानूस," म्हणाली, आणि त्या दिवशी जेवली नाही. तिनंच उठून यावं, तर तिचा हट्ट आड. त्यांनी बोलवावं, तर तिचा शब्द आड. त्याच हिवाळ्यात दोन दिवसांच्या तापात ती गेली.

आतोबांनी तो तरोटा तोडला नव्हता. त्याच्या शेंगा तडकल्या, आणि पुढच्या आषाढात खड्डा काठोकाठ हिरवा झाला. ना रेघ, ना वाट. वाटेल तिथे, वाटेल तसा. त्या रविवारी मी पोतं न्यायला विसरलो. दारातच अंग चोरून थांबलो. आतोबांनी माझ्या हातांकडे पाहिलं, आणि बाजेवर सरकून जागा केली.

"रिकाम्या हातानं आला? बरं केलं. बैस."