पाण्याचा एक रेणू

सीवूड्सच्या एका क्लासमध्ये मी बारावीला बायोलॉजी शिकवते. त्या दिवशी प्रथिनं होती. एका अमिनो आम्लाच्या आम्ल टोकाशी दुसऱ्याचं अमिनो टोक जुळतं आणि पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. अशीच साखळी वाढत जाते, घड्या घालते आणि तिचं प्रथिन होतं. पोरांनी एवढंच विचारलं, हे परीक्षेला येतं का. माझं डोकंच फिरलं.

घरी येऊन वडिलांचं अंग पुसायला घेतलं. वाशीच्या बाजारात जन्मभर कांद्याच्या गोणी उचललेला त्यांचा दंड आता माझ्या मुठीत मावत होता. आजारपणात खाणं सुटलं की शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खातं. हेही मीच शिकवते.

"आज काय शिकवलंस?" त्यांनी रोजच्यासारखं विचारलं. मी साखळी सांगितली, जोडताना पाणी निघतं तेही सांगितलं.

"आन् तुटायला काय लागतं गं?"

तुटायला पाणीच लागतं. प्रत्येक जोडाला तो एक रेणू परत द्यावा लागतो.

"ते अजून शिकवायचंय, आबा," मी म्हटलं, आणि गोळीसाठी आणलेलं पाण्याचं भांडं त्यांच्या ओठांना लावलं.