रबराला लागलेला जिताडा

माझा पहिला जिताडा, खाडीतला तो मोठा मासा, गरीवरच्या कोळंबीला लागला नव्हता. रबराच्या माशाला लागला होता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. ऐकणाऱ्याला वाटेल, यात लपवण्यासारखं काय आहे? पण एवढा एक शब्द बदलून मी माझ्या चुलतभावाला सगळ्या वाडीसमोर खोटा ठरवलं. तो खोटा नाही हे तेव्हा मला पक्कं माहीत होतं.

चुलतभाऊ माझ्याहून मोठा, आम्ही त्याला दादा म्हणतो. मुंबईत एका साहेबाची गाडी चालवायचा. साहेबाला मासे पकडायचा नाद. सुट्टीच्या दिवशी दादा त्याला खाडीवर घेऊन जाई आणि मागे उभा राहून बघत बघत शिके. साहेबाने नवा रॉड घेतला तेव्हा जुना दादाला दिला, सोबत मऊ रबराच्या माशांचं एक पाकीट. बोटाएवढे, हिरवे, पाण्यात ओढले की शेपूट हलवणारे. एका मे महिन्यात तो ते घेऊन गावी आला. आमची वाडी उमरठच्या वर, डोंगरात. संध्याकाळी देवळाच्या पारावर त्याने पाकीट उघडलं आणि सांगितलं, की येताना दासगावला उतरलो, खाडीत याच रबरावर जिताडा काढला आणि तिथेच ओळखीच्या घरी देऊन आलो.

"म्हंजे दाखवायला मासा नाय," एक म्हातारा म्हणाला.

"नाय."

"आणि याला वास नाय, चव नाय. मासा काय खुळा हाय खायाला?"

"खायाला नाय धरत, पळतंय म्हणून धरतो," दादा म्हणाला. "आणि ओढताना नाय धरत. दोरी ढिली सोडली की हे खाली बुडतं ना, तेव्हा धरतो."

मी तेव्हा महाडच्या एका कारखान्यात नुकताच कायम झालो होतो. बिरवाडीत खोली होती, खिशात पगार होता आणि पारावर माझ्या बोलण्याला हसणारी माणसं होती. मी म्हणालो, "दादा, ते लपव. शाळेतली पोरं शोधत येतील, त्यांचं खोडरबर कुणी नेलं म्हणून."

सगळा पार हसला. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावरच्या बायकांपर्यंत नाव पोचलं होतं. खोडरबर. दादाने चार दिवस ऐकून घेतलं. परत जाताना रॉड आणि पाकीट माझ्या हातात दिलं.

"तुझ्याकडं ठेव. बिरवाडीवरनं खाडी जवळ हाय. मला मुंबईत ठेवायला जागा नाय."

जागेचं कारण खरं नव्हतं. दोघांनाही ते कळत होतं.

मी खाडीवर पहिल्यांदा गेलो तो त्याचं म्हणणं खोटं पाडायला. चारदा टाकून बघू, काही लागणार नाही, विषय संपेल. पण त्याची चेष्टा करणाराच रबर घेऊन उभा आहे, हे कुणी बघायला नको होतं. कारखान्यातले दोघे-तिघे तिकडे गरी टाकायला यायचे, म्हणून मी भिंतीवरच्या कॅलेंडरात बघून एकादशी धरायचो. माळकरी असो नसो, आमच्याकडे एकादशीला माशाचं नाव कोणी काढत नाही. काठ रिकामा मिळायचा. घरी आईचा उपास, आणि मी खाडीच्या चिखलात.

काही लागलं नाही. विषय संपायला हवा होता. संपला नाही, कारण एव्हाना मला ईर्षा चढली होती. रबर खडकात अडकून तुटायचं, दोरीचा गुंता व्हायचा, अंगठ्याला दोरीने कापलेलं असायचं. तरी पुढच्या एकादशीला मी हजर.

आमच्या डोंगरात पाणी एकाच बाजूला जातं, खाली. तिथे वाढलेल्या माणसाला तिथी कळते ती उपासापुरती. एकादशीच्या सुमाराला खाडीला भांग असतो, म्हणजे भरती येते तीही मरगळलेली आणि ओहोटी जाते तीही. पाणी वाहत नाही. आणि जिताडा दबा धरतो तो वाहत्या पाण्याच्या कडेला. मी एक आख्खा हंगाम नेमके तेच दिवस निवडून काढले. पाळी बदलली म्हणून एकदा नाइलाजाने अमावास्येनंतर गेलो, तर तीच खाडी ओळखू येईना. उधाणाचं पाणी पुलाच्या खांबाला घासत धावत होतं आणि खांबाआड भोवरे फिरत होते. त्या दिवशी पहिला हिसका बसला. आणि सुटला.

सुटला माझ्या सवयीमुळे. लहानपणी आम्ही ओढ्यावर गांडूळ लावून बसायचो. मासा चाखतो, नेतो, गिळतो, तोवर थांबायचं. रबर कोण गिळेल? तोंडात घेतलं, मऊ लागलं, थुंकलं, इतकाच वेळ. थांबायचं विसरायला मला थांबायला शिकण्यापेक्षा जड गेलं. उधाणामागून उधाणं गेली. शेवटी पारावर ज्याला हसलो होतो तेच करायला लागलो. टाकायचं, तळाला जाऊ द्यायचं, दोन बारीक झटके, मग ढील. आणि बुडताना दोरीकडे डोळे लावायचे.

पुढच्या मे महिन्यात, अमावास्येनंतरच्या रविवारी, दोरी बुडता बुडता मध्येच थांबली. मी ओढलं. पुढचं काही मला नीट आठवत नाही; आठवतं ते एवढंच, की मासा चिखलात आडवा पडला आणि मी दादाचं नाव मोठ्याने घेतलं. तिथे कुणी नव्हतं.

तो मासा गोणपाटात गुंडाळून मी मोटरसायकलवरून थेट वाडीत नेला. दादा सुट्टीवर आलेला होता. अंगणात माणसं जमली.

"आयला, वासरू आणलंस काय रे?"

"कशाला लागला?" त्या म्हाताऱ्याने विचारलं.

दादा ओट्यावर बसला होता. तो माझ्याकडे बघत होता. मी एक शब्द बोललो असतो तर त्याचं वर्षभराचं हसं तिथेच मिटलं असतं. पण मग खोडरबर कुणाला म्हणायचं, हेही लोकांनी विचारलं असतं.

"जिवंत कोळंबीला," मी म्हणालो.

"तेच म्हंतो. रबराला काय लागतंय," म्हातारा म्हणाला, आणि सगळे दादाकडे बघून हसले.

एवढा मोठा मासा कापायचा सराव घरात दादालाच. त्याने विळी घेतली, डोकं वेगळं केलं, घशात बोट घातलं आणि थांबला. मासा काढताना रबर तुटलं होतं आणि अर्धं आत राहिलं होतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. त्याने हिरवा तुकडा मुठीत धरला, घाणीत मिसळला आणि वर न बघता म्हणाला, "कोळंबी चांगली मोठी व्हती."

लोक पुन्हा हसले. त्यांना कळलं नाही. मला कळलं.

तो जेवताना माझ्याशी नीट बोलला. रॉडबद्दल त्याने नंतर कधी विचारलं नाही, आणि खाडीवर तो परत गेला नाही. त्याला त्या गोष्टीची किती आवड होती, हे मला माझ्यावरून कळतं. मी अजून जातो, प्रत्येक उधाणाला. आता दासगावच्या काठावर कोणीही रबर लावून उभा असतो, त्याचं नवल कुणाला नाही. वाडीत मात्र नव्या सुनासुद्धा त्याला खोडरबर भाऊजी म्हणतात. नाव कुठून आलं हे त्यांना माहीत नाही. तो ओ देतो.

इथे लिहिणं सोपं आहे. त्या पारावरची निम्मी माणसं गेली, म्हातारा गेला. उरलेल्यांसमोर, दादा बसलेला असताना, मला म्हणायचं आहे की दादा खरं बोलत होता आणि मी खोटं. एवढं मी त्याचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.