मैदानावरचे पाहुणे

आमचे खेळाचे सर निवृत्त होणार होते त्या वर्षी कॉलेजातून घरी फोन आला. त्यांच्या निरोपाच्या समारंभात मुलींच्या व्हॉलीबॉल संघाच्या इतिहासावर थोडं बोलाल का, असं एका तरुण मॅडमनी अदबीनं विचारलं. पहिल्या संघातल्या मुली कुठंकुठं पांगल्यात, तुम्ही तर इथं जवळच मंचरला असता, म्हणून तुम्हालाच विचारतोय, म्हणाल्या. मी हो म्हटलं. फोन ठेवून भाजीला फोडणी घालताना मला आपोआप हसू आलं, कारण सांगण्यासारखं माझ्याकडं होतं. एक मॅच होती. ती मी तोवर कुणालाही धड सांगितली नव्हती, नवऱ्याला तर नाहीच नाही.

नव्वदच्या सुमाराला जुन्नर तालुक्यातल्या आमच्या कॉलेजात मुलींचा संघ असेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. मुली एसटीनं यायच्या, तास करायच्या आणि दुपारच्या एसटीनं मुकाट घरी जायच्या. मग हे खेळाचे सर आले. द्राक्षबागेच्या मांडवाला लावतात तसले दोन लोखंडी अँगल त्यांनी कुणाकडून तरी मागून आणले, ग्रंथालयामागच्या पडीक जागेत पुरले, पांढऱ्या फक्कीनं रेषा मारल्या, की झालं मैदान. उरल्या मुली. त्यासाठी सर स्कूटर काढून पिंपळवंडी, येडगाव, डिंगोरे असे घरोघर फिरायला लागले.

आमच्या घरात माझी उंची हा कायमचा विषय होता. ताप आलेल्या माणसाची करतात तशी माझी चौकशी व्हायची. आत्या आली की मला भिंतीला उभी करून बघायची, अजून वाढतेय की थांबली. आई म्हणायची, दारातून जाताना वाकून जावं, सवय असलेली बरी. आमची दारं काही एवढी बुटकी नव्हती. या पोरीला नवरा कुठला शोधायचा, ही त्यांची काळजी, आणि ती मला सकाळ-संध्याकाळ ऐकवली जायची.

सर आमच्याकडं आले तेव्हा नाना, म्हणजे माझे वडील, ओसरीवर टोमॅटोच्या क्रेटवर बसले होते. सरांचं सगळं ऐकून घेतल्यावर नाना म्हणाले, "आमच्यात पोरी अशा उड्या मारीत न्हाईत, सर."

"नाना, जरा बाहेर येता का?" सर म्हणाले.

दोघं गोठ्यापाशी जाऊन उभे राहिले. मी केलेला चहा निवून गेला. परत आले तेव्हा नानांचा चेहराच बदललेला. "जाऊ द्या तिला," ते आईला म्हणाले. "पर ओढणी सोडायची न्हाई."

गोठ्यापाशी काय बोलणं झालं, ते मी विचारलं नाही. माझ्या लेखी सर देवमाणूस ठरले होते, आणि देवमाणसाला कुणी असले प्रश्न विचारत नाही.

ओढणी कंबरेला गच्च बांधून आम्ही खेळायचो. मी स्मॅश मारायचे. मला चेंडू उचलून द्यायची ती माझी येडगावची मैत्रीण, चणीनं लहान आणि तोंडानं फटकळ. तिला आम्ही लिफ्टर म्हणायचो, खेळातला तो शब्दच आहे. ती चेंडू नेटच्या वर इतका अलगद सोडायची, की मी धावत येऊन उडाले की तो बरोबर हाताशी सापडायचा. त्या एका उडीत मी सगळ्यांच्या वर असे आणि तिथं मला वाक म्हणणारं कुणी नसे. मी त्या मैदानावर खूप सुखी होते. साधं सांगायचं तर तेवढंच.

पहिल्या वर्षी पुण्याच्या मुलींनी आम्हाला धुऊन काढलं. त्यांचे बूट बघण्यातच आमचा निम्मा खेळ संपला. दुसऱ्या वर्षी आम्ही थोड्या सावरलो. तिसऱ्या वर्षी सर विद्यापीठाच्या संघाचं बोलायला लागले. पुण्यात ट्रायल असते, म्हणजे निवडीसाठी खेळवून बघतात, आणि आमच्या कॉलेजातून तू जायचं, असं त्यांनी सगळ्यांसमोर मला सांगितलं. "त्याआधी कधी कधी तिकडची माणसं गुपचूप येऊन खेळ बघून जातात," असंही ते एकदा म्हणाले. ते वाक्य मी मनात जपून ठेवलं.

मग थंडीच्या दिवसांत आंबेगावकडच्या एका कॉलेजशी आमची फ्रेंडली मॅच ठरली. जीपमधून जाताना सर माझ्याशेजारी बसले आणि हळूच म्हणाले, "आज तुला बघायला पाहुणे येणार आहेत. टेन्शन घेऊ नको. नेहमीसारखी खेळ."

मला आणखी काय हवं होतं? मैदानाच्या कडेला ऑफिसातल्या लोखंडी खुर्च्या मांडलेल्या होत्या. त्यांवर एक टोपीवाले म्हातारे, एक सफारीतले गृहस्थ आणि डोक्यावर पदर घेतलेल्या एक बाई. बाईंना बघून जरा नवल वाटलं, पण विद्यापीठात बायकाही असतीलच की, अशी मी स्वतःची समजूत घातली.

आता कुणीही म्हणेल, एवढीशी गोष्ट कळू नये? नाही कळली. आमच्याकडं मुलगी बघतात ती घरात. तिला साडी नेसवतात, पाटावर बसवतात, हातात पोह्याचं ताट देतात, मामा-काका जमतात. घामेजलेल्या, पाठीवर नंबर लावलेल्या मुलीला कुणी भर मैदानात बघत नाही. तोवर तरी बघत नव्हतं.

त्या दिवशी मी जे खेळले, ते आयुष्यात पुन्हा खेळले नाही. प्रत्येक चेंडू माझ्याकडं येत होता आणि मी मारलेला प्रत्येक चेंडू पलीकडं जमिनीत रुतत होता. शेवटी शेवटी मला चेंडू सावकाश येतोय असं वाटायला लागलं, आणि पलीकडचं सगळं मैदान वरून दिसायला लागलं. दोन्ही सेट आम्ही घेतले. खुर्चीतले म्हातारे टाळ्या वाजवत होते.

सरांनी मला तिकडं नेलं. सफारीवाल्यांनी उंची विचारली. मी ताठ उभी राहून सांगितली, उलट थोडी वाढवूनच. चष्मा आहे का, विचारलं. नाही म्हटलं. "जरा चालून दाखव बाई," पदरवाल्या बाई म्हणाल्या, तर मी गुडघे छातीपर्यंत उचलून तालात पळून दाखवलं. म्हातारे खो खो हसले. मग बाईंनी विचारलं, सैपाक येतो का. निवड झालेल्या मुलींना शिबिरात स्वतः करून खावं लागत असेल, असं समजून मी म्हटलं, "भाकरी येतात. शिबिरात सगळ्यांच्या करीन." त्यांनी एकमेकांकडं बघितलं. सर पटकन म्हणाले, "जा, पाणी पी जा."

दोन-तीन दिवसांनी सर आमच्या घरी आले. ओसरीवर पाय ठेवायच्या आतच म्हणाले, "झालं गं काम! आवडलीस त्यांना."

मी सरांच्या पाया पडले. मग नानांच्या. मग आईला उचलून गोल फिरवलं. तशीच धावत गल्लीत गेले आणि दिसेल त्याला सांगत सुटले, की माझी विद्यापीठात निवड झाली, मी पुण्याला खेळायला जाणार. परत आले तर नाना डोळे पुसत होते, सर चहा पीत होते. मी त्यांच्यासमोरही तेच बोलत होते, शिबिर किती दिवसांचं असतं, बूट कुठले घ्यायचे. त्या घरात मला सोडून सगळ्यांना खरं काय ते माहीत होतं. सगळे मूग गिळून गप्प बसले. सरांनी तर बुटांचा रंगसुद्धा सुचवला.

पुढच्या आठवड्यात पदरवाल्या बाई नारळ, साडी आणि खण घेऊन आल्या आणि माझ्या कपाळाला कुंकू लागलं. विद्यापीठ साडी देत नाही, एवढं कळण्याइतकी मी शहाणी होते.

मी कॉलेजात गेले. सर मैदानावर फक्की मारत होते.

"सर, ट्रायल?"

"तिथं दुसरीला पाठवली. तुझी सुपारी फुटायची आणि ट्रायलची तारीख एकच येत होती. अगं, घर चांगलं आहे. मुलाचं मंचरला शेतीऔषधांचं दुकान आहे, तुझ्याहून उंच आहे. आणखी काय पाहिजे?"

"मला सांगितलं का नाही?"

सर सरळ झाले. अगदी शांतपणे म्हणाले, "सांगितलं असतं, तर तू त्या दिवशी तशी खेळली असतीस का?"

नानांचा मला राग आला, पण नाना बाप होते, उंच मुलीच्या काळजीनं वाळलेले. आईला तर कुणी विचारलंच नव्हतं. सरांचं तसं नव्हतं. त्यांनी मला उडायला शिकवलं होतं आणि त्याच उडीवर मला खपवलं. केसानं गळा कापणं म्हणतात, ते मला त्या दिवशी फक्कीच्या रेषेवर उभी असताना कळलं. मी रडले नाही. रेषा पायानं पुसून टाकली आणि निघून आले.

लग्न झालं. नवरा माणूस म्हणून चांगला आहे, त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. दुकान, मुलं, सासू-सासरे यांत वर्षं गेली. पण कधी कुकरच्या तीन शिट्ट्यांची वाट बघताना, कधी दुकानात पोती मोजताना मी ती मॅच पुन्हा खेळायचे. मला एका गोष्टीचा मोठा आधार होता. सरांनी मला फसवलं असेल, खुर्च्यांवर खोटे पाहुणे बसवले असतील, पण खेळ खरा होता. तो मी खेळले होते. ट्रायलला गेले असते, तर विद्यापीठाच्या संघात असते, हे माझं मला पक्कं ठाऊक होतं. ते कुणाला पटवून द्यायची गरज नव्हती.

तर सरांच्या निरोपाचा समारंभ. मांडव भरलेला. संघातल्या बऱ्याच जणी आल्या होत्या, कुणी जाड झालेल्या, कुणी चष्म्यातल्या. येडगावची माझी लिफ्टर चाकणहून आली होती, ती माझ्या शेजारी बसली. सरांना शाल-श्रीफळ दिलं आणि सर बोलायला उभे राहिले.

"माझ्या संघानं काय मिळवलं, असं लोक विचारतात," सर म्हणाले. "कप कपाटात आहेत. पण मला अभिमान वेगळा आहे. माझी एकही मुलगी घरी बसली नाही! मी प्रत्येकीच्या वडिलांना शब्द दिला होता, की पोरगी खेळायला द्या, स्थळ मी बघतो. उंच असो, काळी असो, मैदानावर एकदा बघितली की पाहुणे नाही म्हणत नाहीत. आणि मी शब्द पाळला."

मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारची माझी मैत्रीणही वाजवत होती. मी तिचा हात धरून खाली घेतला.

"तुला ठाऊक होतं? माझ्या वेळी?"

"आता काय गं बाई ते उकरून काढती," ती हसत म्हणाली. "सगळ्यांलाच ठाऊक व्हतं. सरांनी मॅचच्या आधी आमाला बाजूला घेऊन सांगितलं, आज हिचं पावणं हायेत, सगळे बॉल हिलाच द्यायचे. मग फुडं तीच रीत पडली. माझं पावणं आलं तवा पोरींनी मला दिले."

मी म्हटलं, बॉल दिलेस, पण मारले तर मी.

"मारले की! लई मारले." तिनं माझ्या मांडीवर थाप मारली. तिच्या बोलण्यात निव्वळ माया होती, म्हणून तर ते जास्त लागलं. "पलीकडच्या सरांनाबी सांगून ठेवलं व्हतं. त्या पोरी अडवायला उडल्याच न्हाईत. एकबी न्हाई. तुला कळलं न्हाई व्हय?"

तेवढ्यात माईकवरून मला बोलावलं. मी उठले. मंचावर सर माझ्याकडं कौतुकानं बघत होते, बाप लेकीकडं बघतो तसे. मॅडमनी हातात माईक दिला. बोलायचं मी पंधरा दिवस घोकलं होतं, ती मॅच अगदी पहिल्या चेंडूपासून.

मी म्हटलं, "मी तीन वर्षं या संघात खेळले. त्यांतल्या खऱ्या मॅच कुठल्या, ते सरांनाच विचारा." आणि माईक परत केला.

लोकांना तो विनोद वाटला. सगळ्यांत मोठ्यानं सर हसले. मी खाली येऊन मैत्रिणीशेजारी बसले, तिनं मला जागा करून दिली, आणि पुढची भाषणं मी ऐकली असावीत. मला जायचं होतं सरांकडं, एकच विचारायचं होतं, की मी खरंच चांगली खेळायचे का. पण ते हो म्हणाले असते. मैत्रीण तर केव्हाच हो म्हणाली असती. आणि माझा खेळ बघितलेलं, पण त्या रीतीत सामील नसलेलं, माझ्या ओळखीचं कुणीच नव्हतं.