मावशीचं बंद घड्याळ

आज वाटीत पेट्रोल ओतलं आणि त्या उग्र वासाबरोबर कोल्हार आठवलं. पेट्रोल घड्याळाचे भाग धुवायला लागतं. नगरच्या जुन्या बाजारात भंगारवाल्याच्या गोणपाटावर उलटीसुलटी पडलेली, कुणालाही नको असलेली बायकी घड्याळं गोळा करायची, दुरुस्त करायची, असा नाद मला निवृत्तीनंतर लागला. घरचे चिडवतात, एवढी घड्याळं आणि हिचा स्वयंपाक कधी वेळेवर नाही. चिडवू देत. महागडं त्यांत काही नसतंच. नखाएवढी तबकडी, उडालेला सोनेरी मुलामा, झाकणाआड साठलेला घामाचा आणि पावडरीचा मळ. कुणाच्या तरी लग्नातली हौस, कुणाचा तरी पहिला पगार. सेलच्या घड्याळांना मात्र मी हात लावत नाही. त्यांना कुणाची गरज नसते. चावीच्या घड्याळाला रोज कुणीतरी लागतं, हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला मोठ्या कौतुकानं सांगत असे. मावशीचं घड्याळ हाती आलं आणि ते कौतुक ओसरलं.

मावशी कोल्हारला एकटी असते. काका साखर कारखान्यात होते; ते गेल्या हिवाळ्यात गेले. बायका मावशीच्या बांगड्या उतरवायला बसल्या तेव्हा डाव्या मनगटावरचं घड्याळ तिनं उजव्या हातानं घट्ट झाकून धरलं. ते काही तिनं काढू दिलं नाही. पुढे पावसाळ्यात तेच घड्याळ तिनं शेजाऱ्याबरोबर माझ्याकडे धाडलं. निरोप एवढाच, की बंद पडलंय, बघ.

आम्हा घड्याळं खोलणाऱ्यांना एक खोड असते. बंद घड्याळ दिसलं की ते आजारीच आहे असं आम्ही धरून चालतो. मी भिंग लावलं, सगळं सुटं केलं, धुतलं, पुसलं, बिघाड शोधत बसले. सापडेना. शेवटी होतं तसं जोडून चावी दिली, तर ते लगेच टिकटिकायला लागलं. त्याला काही झालंच नव्हतं, फक्त कुणी चावी दिली नव्हती. मला हसू आलं, आणि मावशीचा थोडा रागही.

ते द्यायला मी स्वतःच एसटीनं गेले. "अगं मावशी, चावी का देत नव्हतीस?" मी दारातूनच विचारलं.

तिनं दोन्ही हात माझ्यापुढे धरले. जन्मभर विळा धरून बोटं जाड झालेली, पेरांत वाकलेली. "ह्या बोटांत ती घुंडी गावती व्हय? हेच द्यायचे चावी. सकाळचा भोंगा झाला की."

कारखान्याचा भोंगा झाला की ती पिठाचा हात पदराला पुसून पुढे करायची आणि काका ते मनगटावरून न काढताच चावी देऊन भोंग्याबरोबर लावायचे. मग जेवणाचा डबा उचलून निघायचे. "बोलनं न्हाई का काय न्हाई. लई घाईत असायचे," ती म्हणाली.

"मग तुला ठाऊक होतं की हे बिघडलं नाही. माझ्याकडे कशाला धाडलंस?"

"म्हनलं, तुज्याकडं ऱ्हायलं तर चालत तरी ऱ्हाईल."

आणि मी शहाणी ते परत घेऊन आले होते.

रात्री तिथंच राहिले. सकाळी भोंगा झाला. मावशी भाकरी थापत होती. माझ्याकडे न बघता तिनं हात पदराला पुसला आणि पुढे केला. मनगट इतकं बारीक झालंय की पट्टा शेवटच्या भोकातही सैल पडतो. मी चावी दिली. तिनं ते कानाशी नेलं, बराच वेळ ऐकलं.

"आन् उद्या?"

दुपारच्या गाडीनं मी निघणार होते, हे तिलाही माहीत होतं. "घेऊन जाऊ का परत?" मी विचारलं.

"नगं. हात लई उघडा दिसतो."

गाडीत बसले तेव्हापासून मनात तेच होतं. एकदा दिलेली चावी फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत पुरते. दुसऱ्या दिवशी, अशीच टेबलाशी बसले असताना, आता ते थांबलं असेल असं वाटलं आणि हातातला चिमटा खाली ठेवावा लागला.

आजही ठेवलाय. भंगारातून आणलेली, मालकिणीचा पत्ता नसलेली घड्याळं टेबलावर चालताहेत. सकाळी उठल्याबरोबर मी त्यांना चावी देते. कोल्हारचं तेवढं बंद आहे, आणि त्याला काहीही झालेलं नाही.