गरम पडणाऱ्या गोळ्या

करमाडहून आई माझ्याकडे आली तेव्हा सायटिकाची कळ तिच्या कमरेपासून पोटरीपर्यंत जात होती. बीपीची गोळी आधीपासून चालू होतीच. मी वारांचे खाने असलेला डबा आणला आणि दर रविवारी भरू लागले. रोजचा खाना रिकामा दिसायचा, त्यामुळे मी निर्धास्त होते.

एका सकाळी तिला गरगरलं. दवाखान्यात डॉक्टरांनी बीपी मोजलं, आकडा पाहिला आणि पुन्हा मोजलं.

"आजी, गोळी घेता ना?"

"व्हय, पायाची घेते. शेजारच्या आपानं तिची दुखण्याची गोळी दिली, लई गुण आला. दोन्ही मिळून गरम पडतात, म्हणून बीपीची कढीपत्त्याच्या कुंडीत टाकते."

मी तिच्याकडे वळले. "अगं, मला सांगायचं नाही?"

"खाना भरलेला दिसला की तू वरडतीस."

डॉक्टर म्हणाले, दुखणं थांबवणाऱ्या अशा गोळ्यांनीच बीपी वाढू शकतं, त्यात बीपीची बंद. आजी चालत आल्या हेच नशीब.

आता मी बीपीची गोळी तिच्या हातावर ठेवते आणि ती गिळेपर्यंत समोरून हलत नाही. रिकाम्या खान्याकडे बघवत नाही.