पश्चिमेचा पहारा

किस्से कुणी मुद्दाम जमवत न्हाई बघा. मोठ्या माणसाला हुकूम द्यायची हौस असली की ते आपोआप साचतात. पोलीस ॲक्शनच्या साली संस्थानच्या फौजेत, आळंदजवळच्या सरहद्दीच्या चौकीत मी मुन्शी होतो. आमचे कप्तानसाहेब फौजी शाळेतून एक छापील तक्ता घेऊन आलेले. दुश्मन कुठनं येणार, किती येणार, आपण काय करायचं आणि शेवटी हुकूम!

साहेब शेवटचा रकाना आधी भरायचे. “मुन्शी, हुकूम झाला. आता वरची कारणं तुम्ही लिहा!”

*

पहिल्याच दिवशी कुणीतरी बोललं, पूर्वेच्या तुरीत चाळीस बंडखोर हायत. आमचा टेहळ्या शंकरप्पा जाऊन मोजून आला. “अकराच हायत, हुजूर.”

साहेब खूष! “म्हणजे एकोणतीस लपलेत!”

*

मग साहेबांची सल्लामसलत. “माझ्या मते दुश्मन पूर्वेकडनंच येणार. आता तुम्ही मोकळेपणानं बोला.”

सगळे मोकळेपणानं पूर्व म्हणाले. आचारी तर म्हणाला, “पूर्वच हुजूर, सूर्यबी तिकडनंच येतो!”

*

आठ दिवस मुरूम फोडून पूर्वेला खंदक खांदला. नवव्या दिवशी शंकरप्पा पळत आला. “हुजूर, पश्चिमेला, अक्कलकोटकडं धूळ उडायलीय! रणगाडे हायत!”

“मग एवढा खंदक काय बुजवून टाकू? अफवा पसरवायलास व्हय रे?”

शंकरप्पाला पश्चिमेच्या कोठडीत कोंडला. उद्या गुलबर्ग्याला नेऊन फौजी कचेरीपुढं उभा करायचा. नोकरी जाणार, वर तुरुंग. त्याच्या गुन्ह्याचा कागद मीच लिहिला. लाज वाटली, पण लिहिला. मी कोठडीवरनं जाताना तो म्हणाला, “मुन्शीजी, माझ्या अक्काला निरोप द्या, मी आजारी हाय म्हणून सांगा.”

*

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे खंदकात, तोंडं पूर्वेला. भारताची फौज आली पश्चिमेकडनं, थेट आमच्या पाठीशी! एक गोळी सुटली न्हाई. साहेबांनीच आचाऱ्याचं पांढरं धोतर काठीला बांधलं.

त्यांचा अधिकारी खंदक बघून हसला. “पश्चिमेला एकबी माणूस ठेवला नव्हता?”

साहेब ताठ झाले. “नव्हता कसा? तुम्ही तिकडनंच येणार, मला आधीच ठाऊक होतं! माझा सगळ्यात हुशार माणूस कालपासून पश्चिमेच्या खिडकीशी बसवलाय!”

“वा! बोलवा त्याला.”

साहेबांनी हाक मारली, “शंकरप्पा, बाहेर ये!”

आतनं आवाज आला, “येतो की हुजूर! पण कुलूप तुमचं हाय!”