काश्यप गोत्राचा साहेब

ढुंढिराज गुरुजींच्या जिभेवर सरस्वती आहे असं पंचवटीत सगळे म्हणत, आणि गुरुजींनाही ते मनापासून पटलेलं. जन्म गंगेवर, म्हणजे नाशिकच्या गोदाघाटावर, संकल्प सांगण्यात गेला, पण जीभ कधी अडखळली नाही. माणूस विद्वान, यात वाद नाही. पण कौतुकाला इतका हपापलेला की विचारू नका.

ते विश्वेशनं बरोबर हेरलं. विश्वेश म्हणजे गल्लीतला पुढारी. स्वतः नगरसेवकाच्या निवडणुकीत आपटलेला, पण डोळा थेट अमेरिकेच्या निवडणुकीवर. तिथला अमुक एक उमेदवार आपल्या देशाचा मित्र, तो यावा म्हणून निकालापर्यंत रोज गुरुजींकडून जप करून घ्यायचा, असं त्यानं ठरवलं. गुरुजींचा मुलगा आल्हाद तिकडेच नोकरीला. मित्र गादीवर बसला की पोराचं ग्रीन कार्ड आपसूक होईल, हा गुरुजींचा अंदाज. सुधाबाईंनी मात्र फोनवर पोरालाच विचारलं. तो म्हणाला, हा आला तर आमचे हाल कुत्रा खाणार नाही. त्यांनी ते जसंच्या तसं नवऱ्याच्या कानावर घातलं. बायकांना राजकारण कळत नाही, असं म्हणून गुरुजी सोवळं नेसायला गेले.

अडचण एकच आली, संकल्पात सांगायच्या गोत्राची. पण शास्त्रात सोय आहे: ज्याचं गोत्र ठाऊक नाही, त्याचं काश्यप. गुरुजींचं स्वतःचंही काश्यपच. झाला साहेब घरचा! जपाचा व्हिडिओ गावभर फिरला. भाजीवालीसुद्धा विचारू लागली, काय गुरुजी, भाऊबंद येतोय ना निवडून?

आला की! टीव्हीवर दिवसभर तेच: कुठल्या देशानं अभिनंदन केलं, कुणी नाक मुरडलं, कुणाची पाचावर धारण बसली. मग नाशिक मागे कसं राहील? कारंजाच्या चौकात विश्वेशचा फ्लेक्स लागला, समस्त पंचवटीकरांतर्फे हार्दिक अभिनंदन. मध्ये साहेब, खाली विश्वेश, कोपऱ्यात गुरुजी. गुरुजी त्या बाजूनं उगीचच चक्कर मारून आले.

आणि मग भाऊबंदकी सुरू झाली. दोन्ही देशांत आयातकरावरून वाजलं, पाठोपाठ व्हिसाचे नियम आवळले. शिक्का घ्यायला इकडे आलेली पोरं इकडेच अडकली. करायला गेले गणपती अन् झाला मारुती. नेमकं त्याच सुमारास सुधाबाईंचं यकृत निकामी झालं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं.

त्यांना एकच हवं होतं, आल्हादच्या तोंडावरून एकदा हात फिरवायचा. आल्हाद फोनवर रडला. निघालो तर परत जाता येणार नाही, नोकरी जाईल, आणि आभाचे दिवस भरत आलेत. आभा म्हणजे त्याची बायको. "नको येऊस रे," सुधाबाई म्हणाल्या. पण फोन ठेवला की दाराकडे तोंड करून पडत. जिन्यात पाऊल वाजलं की मान उचलत. दूधवाला असे.

गुरुजी खचले. त्यांना दुसरं येत तरी काय होतं? बायकोच्या उशाशी बसून त्यांनी मृत्युंजयाचा जप धरला. हातात पाणी घेतलं, डोळे मिटले. संकल्पातला काळ सांगून झाला, गोदेचा उत्तर तीर झाला, काश्यप गोत्र झालं, आणि पुढे सवयीनं, एका दमात, साहेबाचं नाव आलं. दीर्घायुष्य, आरोग्य, सगळं त्याच्या नावानं मागून झालं. पाणी ताम्हनात सुटलं तेव्हा कुठे गुरुजींना उमगलं. सोडलेलं पाणी परत घेता येत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?

सुधाबाई जाग्या होत्या. तेवढं कळायला संस्कृत लागत नव्हतं.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "त्यालाच लागो माझं आयुष्य. तुमच्या भाऊबंदाला फक्त एवढं सांगा, माझा मुलगा सोड म्हणावं."

पोराला न बघताच त्या गेल्या.

दहाव्याला गंगेवर संकल्प दुसऱ्या गुरुजींनी सांगितला. आल्हाद फोनमधून बघत होता. फोन धरला होता विश्वेशनं. काश्यप गोत्र म्हणून ते दुसरे गुरुजी थांबले. पुढचं नाव यजमानानं उच्चारायचं असतं. ढुंढिराजांनी ओठ घट्ट मिटून घेतले. सगळा घाट वाट बघत राहिला.

"बाबा," फोनमधून आल्हाद म्हणाला, "घ्या ना नाव. आईचं."